एकशे सहा

माझ्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवतात. तीन वर्षं मी ते शिकले. कळप कसा मोजायचा, विष्ठेवरून आहार कसा ओळखायचा, कुंपणाला मिरचीचं वंगण कसं फासायचं, सगळं पाठ. हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा मिळाला की त्याचा घेर मोजायचा आणि दुप्पट करायचा, की खांद्यापर्यंतची उंची मिळते. हे पुस्तकातही आहे, पण मला ते मुकूका आजोबांनी शिकवलं. ते चाळीस वर्षं लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात माग काढत फिरले. टेपपट्टी त्यांच्याकडे कधीच नव्हती. सालीची दोरी ठशाभोवती लावायची, गाठ मारायची, झालं.

त्या हंगामात आजोबांच्या गावातल्या चान्सा नावाच्या बाईच्या शेतातला मका तिसऱ्यांदा हत्तीच्या तोंडी गेला. कुंपण मोडलं, घराची एक भिंतही पडली. माझा प्रबंध याच गावावर होता, म्हणून मी आधीच तिथे राहत होते. सकाळी आजोबांनी दोरीने आणि मी टेपने ठसा मोजला. एकशे सहा सेंटीमीटर. म्हणजे सव्वादोन मीटरही उंची नाही. मादी, आणि तिच्या पाठोपाठ छोट्या पायांचे ठसे, म्हणजे पिल्लूही बरोबर.

चार दिवसांनी माझे मार्गदर्शक डॉक्टर कापेंब्वा आले. मी त्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी एकशे सहावर बोट ठेवलं.

"हे चुकून लिहिलंयस. एकशे सहासष्ट असेल."

"नाही सर. आम्ही दोनदा मोजलं."

"बूपे, मी तुला विचारत नाहीये. सांगतोय."

मग खरी गोष्ट बाहेर आली. उपद्रवी जनावर मारायची परवानगी निघणार होती. शुक्रवारी एक बाहेरचा शिकारी येणार होता, आणि ज्या कंपनीने त्याला बोलावलं होतं तिने आमच्या विभागाला नवी गाडी द्यायचं कबूल केलं होतं. शिकाऱ्याला मादी नको होती. त्याला चिमुती हवा होता.

चिमुती म्हणजे आमच्या बोलीत मोठं झाड. तो म्हातारा नर दर कोरड्या महिन्यात नदीकाठच्या मुसांगूच्या झाडांखाली येतो, शेंगा वेचतो आणि परत जातो. त्याचे सुळे जमिनीला टेकतात. चान्साच्या शेताकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलेलं नाही. परवानगीच्या कागदावर गावप्रमुखाचा अंगठा आणि माझी, म्हणजे विद्यापीठाच्या निरीक्षकाची, सही लागणार होती.

"सर, चिमुतीला मारलं तरी मका जाणारच. मादी आहे ती."

"तुझा प्रबंध कुणाच्या टेबलावर आहे?" त्यांनी विचारलं. "आकडा दुरुस्त कर, सही कर, डिसेंबरात पदवी घे. एका म्हाताऱ्या हत्तीसाठी आयुष्य फुकट घालवू नकोस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. व्यवस्थापन म्हणे! ज्या माणसाने मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं की आकडा पवित्र असतो, तोच आता माझ्या वहीवर पेन टेकवून बसला होता. मी वही ओढून घेतली आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी परवानगीच्या कागदासाठी आंब्याखाली गावाची बैठक बसली. गावाला खरं तर चिमुती मेला तरी चालणार होतं. मांस वाटलं जाणार होतं, आणि महिनाभर कापेंटाच्या सुक्या मासळीखेरीज कुणाच्या ताटात काही पडलं नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. पोटात भूक असली की सुळ्यांचं कौतुक कुणाला?

डॉक्टर उठले. गावाला जिंकायचं म्हणून त्यांनी हसत सुरुवात केली. "मी मगर कुळाचा! इथे माझे मासे किती आहेत? हात वर करा, आज भूक लागली आहे!"

लोक खदखदून हसले. मासा कुळाच्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. मगर आणि मासा ही आमच्यात थट्टेची सोयरीक. मगरीने माशाला काहीही बोलावं, माशाने मगरीला काहीही, अगदी मयतीतसुद्धा. एकच अट, कुणी रागवायचं नाही. रागावला तर दंड म्हणून एक कोंबडी.

शहरात राहून डॉक्टर एक गोष्ट विसरले होते. दार उघडलं की आत कोण येईल ते आपल्या हातात राहत नाही. आणि मी कुठल्या कुळाची, हे त्यांनी तीन वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

आजोबांनी माझ्या हातात गाठ मारलेली दोरी ठेवली. "जा पोरी. तुझी मगर बोलावतेय."

मी पुढे गेले. "मी मासा कुळाची, मगरमामा! बसा की जरा, तुमचं पोट मोजायचंय!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण लोक ओरडायला लागले होते. "मोज! मोज!" मी दोरी त्यांच्या पोटाभोवती गुंडाळली. दोरीचं टोक गाठीला बरोबर टेकलं.

"बघा रे! चान्साचं शेत खाणाऱ्याचा पाय आणि डॉक्टरांचं पोट, एकाच मापाचं! आता ही दोरी चिमुतीच्या पायाला पुरते का ते मगरीलाच विचारा. ती म्हणते पुरते. हिला माशांची हाडंसुद्धा मोजता येत नाहीत, फक्त गिळता येतात!"

हसू इतकं उसळलं की मुंकोयोच्या आंबिलीचं मडकं लवंडलं. डॉक्टरही हसले. दुसरं करणार काय?

गावप्रमुख मात्र हसता हसता थांबले. "चला नदीवर," ते म्हणाले. सगळं गाव निघालं. मुसांगूखाली चिमुतीचा ताजा ठसा होता. दोरी ठेवली, तर हातभरापेक्षा जास्त जागा उघडी राहिली. प्रमुखांनी अंगठा खिशात घातला. चान्सा खाली वाकून बघत होती. "म्हणजे याला मारून पुढच्या वर्षी पुन्हा माझंच शेत?" ती म्हणाली, आणि मांसाची गोष्ट तिथेच संपली.

डॉक्टर गाडीत बसत असताना आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, रागावलात का?"

"छे! राग कसला."

"सगळ्यांनी ऐकलं हं," आजोबा म्हणाले.

डिसेंबरात माझा प्रबंध परत आला. शेरा एकच: मोजमापाची पद्धत अविश्वसनीय, एक वर्ष पुन्हा करावे. मी वसतिगृहात रडले, मग आजोबांना निरोप पाठवला. वाटलं होतं, ते समजूत घालतील. ते दोन दिवस बसमध्ये बसून आले, चान्साला घेऊन, आणि विभागाच्या व्हरांड्यात डॉक्टरांच्या दारासमोर उभं राहून ओरडले.

"मगरीनं कोंबडी द्यायची आहे! मगर रागावली!"

दारं उघडली. प्राध्यापक, शिपाई, कारकून बाहेर आले. अर्ध्या लोकांना ही प्रथा आईच्या दुधापासून माहीत. विभागप्रमुख बाईंनी विचारलं, "काय झालं आजोबा?" आजोबांनी दोरी उलगडली आणि पहिल्यापासून सांगितलं. चान्साने साक्ष दिली.

डॉक्टर दारात उभे राहिले, हसत. कोंबडी दिली तर रागावल्याचं, म्हणजे रागातून नापास केल्याचं कबूल. नाही दिली, तर दोरी सगळ्या गावासमोर खरी ठरल्यावर प्रबंध अडवायला कारणच उरत नाही.

"मी रागावलोच नाही, आजोबा."

"मग सही करा, मामा."

बाई बघत होत्या. डॉक्टरांनी प्रबंधावर सही केली.

लोक म्हणतात, बूपे जिंकली. मला अजून राग येतो. मी तीन वर्षं उन्हात ठसे मोजले, आणि एकशे सहा हे एकशे सहाच आहे हे मानायला एक कोंबडी लागली. चिमुती याही वर्षी शेंगा वेचून गेला. ती मादीही आली, पिल्लू आता तिच्या पोटाखाली मावत नाही. चान्साचा मका चौथ्यांदा गेला. मिरचीच्या कुंपणासाठी मी विद्यापीठाकडे तीन अर्ज केले आहेत. एकाचंही उत्तर आलेलं नाही. त्या मादीला सुळे नाहीत.