संकलक : शालिकराम बोरकुटे

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, मुखपृष्ठावर बोट ठेवलं आणि फाटकातूनच विचारलं, "हे शालिकराम बोरकुटे तुम्हीच काय, काकाजी?"

शालिकराम अंगणात बसून सायकलच्या चेनला तेल देत होते. हात फडक्याला पुसत ते उठले. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं आणि या वर्षात चार-पाच जण असेच पुस्तक हातात घेऊन दारात आले होते. कोणाची कथा छापून आली होती, कोणाच्या लेखाचं मानधन आलं होतं. सगळे आभार मानायला आले होते. म्हणून त्यांनी आत गोपिकाबाईंना चहा टाकायला सांगितलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

बाई बसल्या नाहीत. त्या उमरेडहून सकाळच्या एस.टी.ने आल्या होत्या. नाव प्रेमिला रामटेके, प्राथमिक शाळेत शिक्षिका. वय पस्तिशीच्या आसपास. त्यांनी पुस्तक शालिकरामांच्या हातात दिलं आणि पान एकसष्ट काढायला सांगितलं.

पान एकसष्टवर 'अक्षरपेरणी' नावाच्या मासिकाची नोंद होती. पत्ता इतवारीतला. 'नवोदितांच्या कादंबऱ्या क्रमशः छापते. हस्तलिखिताची मूळ प्रत रजिस्टरने पाठवावी. वाचनशुल्क अकरा रुपये मनिऑर्डरने.' शालिकरामांनी नोंद दोनदा वाचली. या नावाचं मासिक त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. वाचनशुल्क हा शब्द तर त्यांनी बारा वर्षांत एकदाही लिहिला नव्हता.

"हे मी लिहिलं नाही," ते म्हणाले.

"नाव तं तुमचंच हाय," बाई म्हणाल्या.

त्या पुस्तकाचं नाव 'लेखक-वाटाड्या'. दर वर्षी फेब्रुवारीत निघायचं. मराठीत कोणती नियतकालिकं चालू आहेत, कोणती बंद पडली, कथा किती शब्दांची लागते, दिवाळी अंकाचं साहित्य कधीपर्यंत घेतात, मानधन देतात की नाही, नापसंत लिखाण परत पाठवतात की नाही, हे सगळं त्यात असे. वणी, पवनी, आर्वी, काटोल अशा गावांत बसून लिहिणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईच्या संपादकाचं दार कुठे आहे हे दुसरं कोण सांगणार होतं?

ही कल्पना शालिकरामांना टपालखात्यात सुचली. त्यांच्या नोकरीची शेवटची अठरा वर्षं अशा एका खोलीत गेली, जिथे पत्ता न सापडलेली पत्रं येत. न घेतलेली, न मिळालेली, पाठवणाऱ्याचं नाव नसलेली. पाकीट उघडायचं, आत कुठे पत्ता मिळतो का पाहायचं, मिळाला तर परत पाठवायचं, नाही मिळाला तर मुदतीनंतर नष्ट करायचं. आतला मजकूर वाचायचा नाही, असा नियम होता आणि शालिकराम तो पाळत. पण चौसष्ट साली एक जाड लिफाफा आला. तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका मासिकाला पाठवलेली कथा. पत्ता शोधायला त्यांनी शेवटचं पान पाहिलं. तिथे 'आपली नम्र, एक वाचक' एवढंच होतं. मुदत संपल्यावर इतर कागदांबरोबर ती कथाही गेली. कोणी बाई तिकडे पोस्टमनची वाट बघत असेल, हे पुढे कित्येक दिवस त्यांच्या मनातून जाईना. मग असे लिफाफे मोजायचं त्यांना वेडच लागलं. एकाच मेलेल्या मासिकाला वर्षात नऊ-नऊ.

त्यांनी यादी करायला घेतली. मार्चमध्ये प्रत्येक नियतकालिकाला जवाबी कार्ड पाठवायचं, त्यावर चार प्रश्न. उत्तर आलं तर नोंद, दोनदा विचारूनही आलं नाही तर नाव कमी. पत्ते गोपिकाबाई लिहीत, त्यांचं अक्षर चांगलं होतं. छापण्याचं काम शाळेपासूनचे मित्र चंपतराव ठवकर यांनी अंगावर घेतलं. महालात त्यांचा छापखाना होता. सहासष्ट साली अठ्ठेचाळीस पानांचा पहिला 'वाटाड्या' निघाला. सरकारी नोकर म्हणून शालिकरामांनी आपलं नाव घालू दिलं नाही. आत बारीक टाइपात 'संकलन : एक टपालसेवक' एवढं असे. पुस्तक विकून काय मिळतं, हे त्यांनी चंपतरावांना कधी विचारलं नाही. मित्राने तेवढं तरी ठेवावं, असं त्यांचं म्हणणं.

ते सत्याहत्तरच्या शेवटी निवृत्त झाले. पुढच्या फेब्रुवारीत चंपतराव स्वतः घरी आले ते नव्या अंकाची प्रत आणि पेढे घेऊन. मुखपृष्ठावर जाड टाइपात छापलं होतं, 'संकलक : शालिकराम बोरकुटे'. ते पाहून गोपिकाबाईंचे डोळे भरून आले होते. शालिकरामांनी ते मुखपृष्ठ त्या महिन्यात किती वेळा पाहिलं याला गणती नाही. आतली पानं त्यांनी उलटली नाहीत. मुद्रितं त्यांनीच तपासली होती, नोंदी त्यांना तोंडपाठ होत्या.

आता खुर्चीचा हात धरून ते उभे होते. प्रेमिलाबाईंनी जूनमध्ये कादंबरी पाठवली होती. फुलस्केपचे तीनशे बारा कागद. विडी कारखान्यात चाळीस वर्षं विड्या वळणाऱ्या आणि छप्पन साली पायी नागपूरला जाऊन दीक्षा घेणाऱ्या आपल्या वडिलांचं आयुष्य त्यांनी चार वर्षं बसून लिहिलं होतं. दुसरी प्रत नव्हती. पाच पत्रं टाकली, उत्तर नाही. आज त्या आधी इतवारीत जाऊन आल्या होत्या. त्या पत्त्यावर भांड्यांचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, मासिकाचं मला माहीत नाही, एक ओळखीचे गृहस्थ येऊन टपाल घेऊन जातात.

"रजिस्टरची पोचपावती असंल ना तुमच्यापाशी?" शालिकरामांनी विचारलं.

बाईंनी ती जपून ठेवली होती. गुलाबी कार्डावर निळ्या शाईत सही होती. शालिकरामांनी ती उजेडात धरली नाही, चष्मा लावला नाही. 'ठ'च्या पोटातून शेपूट खाली ओढायची ती लकब ते पाचवीच्या वर्गापासून पाहत आले होते. चहा घेऊन आलेल्या गोपिकाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप तसेच खाली ठेवले.

छापखान्यात चंपतराव एका लग्नपत्रिकेचं मुद्रित बघत बसले होते. शालिकरामांनी पोचपावती त्यांच्यासमोर ठेवली. चंपतरावांनी ती पाहिली, मग बाईंकडे पाहिलं, आणि बसा म्हणाले. नाकारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. शालिकरामांना वाटलं होतं, ते खोटं तरी बोलतील.

"कागदाचा भाव माहीत हाय का तुले?" ते म्हणाले. "तीन वर्षांपासून वाटाड्या तोट्यात चालून राहिला. कोण घेते गा आता? ह्या चार नोंदी टाकल्या, वाचनशुल्काच्या मनिऑर्डरी आल्या, म्हणून या वर्षीचा खर्च निघाला तरी. नाही तं तुह्या नावाचं पुस्तक निघालंच नसतं."

म्हणजे अशा नोंदी चार होत्या. शालिकराम म्हणाले, "मले न सांगता टाकल्या. लोकांनी कोणाच्या भरोशावर पाठवलं असंल, चंपत?"

"तुह्या नावाच्या," चंपतराव म्हणाले. हे ते टोचून बोलले नाहीत, हिशेबातली गोष्ट सांगावी तसं बोलले. बारा वर्षं एक टपालसेवक कोण, असं लोक पत्रातून विचारत होते. त्याच्या यादीवर लोकांचा विश्वास होता, म्हणून तर नाव मुखपृष्ठावर घेतलं. त्यांनी हेही सांगितलं की वाईट वाटून घेऊ नको, तुला आनंद झालाच होता की.

पेढ्यांचा तो पुडा, गोपिकाबाईंनी देवापुढे ठेवलेली ती प्रत, हे सगळं शालिकरामांना एकदम दुसऱ्याच कोणाचं वाटू लागलं.

प्रेमिलाबाई पुढे आल्या. "पैशाचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "माहे कागद कोठी हायेत?"

चंपतरावांनी पहिल्यांदाच मान वळवली. पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनच्या बाजूला फुलस्केपचा गठ्ठा होता. बाई तिकडे गेल्या, वरचा कागद उचलला. एका बाजूला त्यांचं अक्षर होतं, दुसऱ्या बाजूला कुण्या वामनरावांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, कच्च्या छापाची. खालच्या कागदावर किराणा दुकानाचं पावतीपुस्तक. त्याखाली पुन्हा लग्न. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, ही सूचना 'वाटाड्या'च्या पहिल्या अंकापासून तिसऱ्या पानावर होती. शालिकरामांनीच ती लिहिली होती. कोरी बाजू मुद्रितं काढायला कामी आली होती. गिऱ्हाईक ती घरी नेत, नावं तपासत, काही परत आणत, काही आणत नसत.

बाईंनी तिथेच जमिनीवर बसून कागद मोजले. एकशे एकोणतीस होते. पोलिसात जायचं का, असं शालिकरामांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की पोलिसात जाऊन पानं वापस येत असतील तर जाते. मग त्यांनी कागद पिशवीत घातले आणि चारच्या एस.टी.ने निघून गेल्या. जाताना शालिकरामांना नमस्कार केला नाही.

शालिकराम छापखान्यातून हलले नाहीत. त्यांनी चंपतरावांकडे दोन वह्या मागितल्या, एक 'वाटाड्या' टपालाने मागवणाऱ्यांची आणि दुसरी पत्रिका छापून घेणाऱ्यांची. चंपतराव म्हणाले, काहून उगाच लोकांत बोभाटा करतो, नाव तुझंच खराब होईल. शालिकराम नुसते उभे राहिले. शेवटी चंपतरावांनी वह्या टेबलावर टाकल्या. पन्नास वर्षांच्या ओळखीत त्या दोघांचं ते शेवटचं बोलणं ठरलं.

पहिल्या वहीत चारशे सात पत्ते होते. नवरा-बायकोने मिळून तेरा दिवसांत तेवढी कार्डं लिहिली. मजकूर एकच: 'पान १८, ३४, ६१ व ७७ वरील नोंदी खोट्या आहेत. तेथे काही पाठवू नये. पुस्तकावर नाव माझे आहे.' मी फसवला गेलो, हे वाक्य गोपिकाबाईंनी सुचवलं होतं. शालिकरामांनी ते घालू दिलं नाही. उत्तरं आली ती बहुतेक शिव्यांची. राळेगावच्या एका मास्तरांनी लिहिलं की जन्मापासून मी एवढा कोणाला भुललो नव्हतो. शालिकराम प्रत्येक पत्र पूर्ण वाचत आणि दोऱ्यात ओवून ठेवत. पुढच्या वर्षी 'वाटाड्या' निघाला नाही.

दुसरी वही घेऊन ते रोज सकाळी सायकलवर निघत. इतवारी, महाल, पार हुडकेश्वरच्या नव्या वस्तीपर्यंत. लग्नघरी जाऊन सांगत, तुमच्या पत्रिकेचा कच्चा कागद असेल तर द्या, मागच्या बाजूला एका बाईंचं लिखाण आहे. काही ठिकाणी लोक हसले. एका घरी त्यावर शेवया वाळत घातल्या होत्या. एका घरी लहान मुलीच्या वहीला तो कव्हर म्हणून चढला होता. तिची आई देईना, तेव्हा शालिकरामांनी दुकानातून खाकी कागद आणला, स्वतः बसून नवं कव्हर घातलं आणि जुनं काढून घेतलं. अडीच महिन्यांत एकशे तीन कागद मिळाले. उरलेले मिळणार नव्हते, हे त्यांना नोकरीतल्या अनुभवाने कळत होतं.

फेब्रुवारीत ते उमरेडला गेले. प्रेमिलाबाई शाळेतून यायच्या होत्या. ओसरीवर त्यांचे वडील बसले होते, गोविंदाजी. ऐंशीच्या घरातले, बोटांची पेरं विड्या वळून चपटी झालेली. लेकीने लिहिलेलं छापायला नागपूरला गेलंय, एवढंच त्यांना माहीत होतं.

"छापखान्यातून आले काय?" त्यांनी विचारलं.

"तिकूनच आलो," शालिकराम म्हणाले, कारण ते खोटं नव्हतं. म्हाताऱ्याने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी गठ्ठा त्या हातात दिला.

वरच्या कागदाची छापील बाजू वर होती. गोविंदाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. ट्रेडलचा दाब जोराचा असतो, अक्षरं हाताला लागतात. ते बराच वेळ तसेच बोट फिरवत राहिले, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येऊ लागलं.

"छापलं वं," ते म्हणाले.

प्रेमिलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी शालिकरामांकडे पाहिलं. शालिकरामांनी मान खाली घातली. त्या गप्प राहिल्या असत्या, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, वडिलांजवळ बसल्या आणि त्यांचं बोट हलकेच उचलून बाजूला केलं.

"हे दुसऱ्याच्या लग्नाचं हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "तुमचं मांगं हाय."

आणि त्यांनी कागद उलटा केला.