वगळलेली वाट

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेचे मास्तर नव्हेत. चिपचे आराखडे करणाऱ्या त्या कचेरीत ते तीस वर्षं होते आणि नव्या माणसाला शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून ते नाव पडलं. तिथे नवी इंजिनिअर म्हणून आलेली तीही त्यांच्याच हाताखाली शिकली आणि पुढे त्यांचीच प्रमुख झाली. मास्तरांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तिलाच उगीच अवघडल्यासारखं व्हायचं.

या खेपेची चिप रुग्णाला श्वास देणाऱ्या यंत्रासाठी होती. चिपमधला संकेत एका गेटमधून, म्हणजे संकेत पुढे ढकलणाऱ्या बारीक कळीतून, दुसऱ्या गेटमध्ये जातो, प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ खातो, आणि चिपच्या घड्याळाचा, म्हणजे क्लॉकचा, पुढचा ठोका पडायच्या आत त्याला मुक्कामी पोचावंच लागतं. हा उशीर मोजायचा आणि कमी करायचा, हे तिच्या गटाचं काम. मोजणी संगणक करी. मास्तर मात्र आधी पेन्सिलीने कागदावर अंदाज बांधत.

आराखडा कारखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात ते असाच एक कागद घेऊन आले.

"या वाटेवरची तार लांब आहे. चिप तापली की संकेत उशिरा पोचेल. संगणकाच्या रिपोर्टात ही वाट दिसत कशी नाही?"

"ती मोजणीतून वगळलीय, मास्तर. यंत्र चालू असताना ती वापरातच येत नाही."

"तपासून पाहिलंस?"

"हो," ती म्हणाली.

तिने पाहिलं नव्हतं. जुन्या चिपच्या यादीतून तो शेरा तिने जसाच्या तसा उचलला होता. मास्तरांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कागदाची घडी खिशात घातली.

पंधरा दिवसांनी मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं.

तीन महिन्यांनी चिप बनून आल्या. टेबलावरच्या चाचणीत सगळ्या शहाण्यासारख्या वागल्या. भट्टीत पंच्याऐंशी अंशांवर ठेवल्या, तशा दहांतल्या सहा चुकीचे आकडे देऊ लागल्या. चूक त्याच वाटेवर.

"हा भाग मास्तरांनी आखलेला ना?" बैठकीत साहेब म्हणाले. "तेव्हापासूनच तब्येत बरी नसणार त्यांची. जाऊ दे, आता त्यांचं नाव नको घ्यायला."

सगळ्यांनी माना हलवल्या. तिला कुणी काही विचारलंही नव्हतं.

"मास्तरांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "वाट मी वगळली. तपासलीय म्हणून त्यांना खोटं सांगितलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही जरा बाहेर थांबा," ते म्हणाले.

दुपारी ती मास्तरांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. "फार बोलायला लावू नकोस गं," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. तिने सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही.

"कळलं होतं," मास्तर एकेक शब्द ओढत म्हणाले. "फार पटकन... हो म्हणालीस."

"मग बोलला का नाहीत?"

"प्रमुख तू. तुझा अपमान... नको वाटला. चुकलंच माझं." ते दम घ्यायला थांबले. "पण त्या भागात सहा गेटं... जादाची, न जोडता... सुटी ठेवलीत मी."

तिला रडू आलं. मास्तरांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली.

तिचा विचार होता, शेवटचं गेट मोठं करावं, म्हणजे लांब तार ते जोरात ढकलेल. मास्तरांनी मान हलवली. ते मोठं केलं की त्याच्या आधीचं दमणार. त्यांनी वेड्यावाकड्या रेघांनी मध्ये आणखी दोन गेटं काढली, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं, म्हणजे ओझं सगळ्यांवर सारखं पडेल. दोन थांबे वाढूनही एकूण वेळ कमी भरला. तिने आकडे मांडले, त्यांनी दोनदा बदलले. तासाभराने काकूंनी कागद काढून घेतला, पण तोवर काम झालं होतं.

चिपच्या खालच्या थरातली गेटं तशीच ठेवून, सुटी गेटं जोडून घ्यायला फक्त वरच्या थरातल्या तारा बदलल्या. नव्या चिप आठ आठवड्यांनी आल्या, भट्टीत दोन दिवस राहिल्या आणि एकही चुकली नाही. तिचं प्रमुखपद गेलं ते गेलंच. ती त्याच गटात खालच्या जागेवर बसू लागली. काही जण तिच्याशी कामापुरतंच बोलत.

वगळलेल्या वाटांची यादी तिने मागून घेतली. एकशे त्रेचाळीस होत्या. दर रविवारी ती मास्तरांकडे जाई, एकेक वाट वाचून दाखवी, ती का सोडली याचं कारण सांगी. कारण पटलं नाही की मास्तर डाव्या हाताचं बोट उचलत, आणि ती त्या वाटेपुढे पुन्हा तपासायची म्हणून खूण करी.