दुसऱ्या धुनेतला ठक्

सुनेसमोर चूक कबूल करायची म्हणजे कुणाच्याही जिवावर येतं. माझ्या तर फारच, कारण मी चुका करत नाही. निदान ती लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून मी तिला हेच सांगत आले आहे.

मी पियानो सुरात लावते. एकेचाळीस वर्षं झाली. मोठ्या सभागृहातला पियानो माझ्याआधी कुणी उघडलेला मला खपत नाही. सून जुन्या फिल्मचे आवाज दुरुस्त करते. खरखर काढायची, तुटलेलं जोडायचं, दबलेलं वर आणायचं. दोघींचेही कान तिखट, त्यामुळे आमच्या घरात भांडणंसुद्धा हळू आवाजात होतात.

त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "आई, आत्ताच्या आत्ता स्टुडिओत या. तुमच्यासाठी एक काम केलंय."

तीन आठवडे ती कुठल्या फिल्मवर बसली होती हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर तीन आठवडे गुडघ्याचं निमित्त करून मी तिकडे फिरकले नव्हते. पाचजणांच्या एका जॅझ बँडच्या कार्यक्रमाची, बावन्न मिनिटांची, काळीपांढरी फिल्म. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. जॅझ ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, या फिल्मचं नाव काढलं की माणूस खुर्चीत सरसावून बसतो. त्या कार्यक्रमाचा पियानो मी लावला होता. एवढं मी सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नाही.

पुढचं असं आहे. एक तार लावताना शेजारची गप्प बसावी म्हणून तारांमध्ये मऊ लोकरी फेल्टची छोटी पाचर खुपसतात. काम संपलं की आधी पाचरी मोजायच्या, मगच पियानो सोडायचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींकडून मी हे इतकं घोकून घेते की त्या पाठीमागे मला 'पाचरबाई' म्हणतात. आणि त्या कार्यक्रमाच्या दिवशी पाचरबाई स्वतःच मोजायला विसरली. का, तर ड्रमवाला तालमीला लवकर आला, आणि काड्यांऐवजी नुसत्या तारांच्या ब्रशने त्याने जे काही सुरू केलं ते ऐकत मी बावळटासारखी आ वासून उभी राहिले. सात पाचरी आत गेल्या, सहा बाहेर आल्या.

दुसऱ्या धुनेत पियानोवाल्याने खालचा एक सूर दाबला आणि नुसतं ठक् झालं. मी विंगेतून जी पळाले ती कार्यक्रम संपेपर्यंत मागच्या जिन्यात बसून राहिले. पुढे छत्तीस वर्षांत ही फिल्म कुठेही लागली की पहिली धून संपताच मला काहीतरी काम आठवायचं.

"बसा," सून म्हणाली आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. चेहरा नुसता फुललेला. "दुसऱ्या धुनेत सतरा ठिकाणी एकच सूर मेला होता. लोक त्यावर काय काय वाद घालतात, पण मी चित्र न बघता नुसता आवाज तपासला, टेपच खराब झाली असणार. मी त्याच पियानोचं दुसरं रेकॉर्डिंग शोधलं, तुम्हीच लावलेल्याचं. त्यातून तो सूर उचलला आणि सतराही ठिकाणी बसवला. दुपारी ही प्रत जाणार. यापुढे सगळीकडे हीच दाखवतील. आता तुमच्या पियानोला कुणाची नावं ठेवायची टाप नाही!"

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. छत्तीस वर्षांचा डाग धुतला गेला होता, तोही न सांगता, आणि सुनेच्या हातून. गप्प बसायचं, कौतुक करायचं आणि चहा मागायचा. झालं.

तिने फिल्म लावली. दुसरी धून आली, सूरही आला, गोल आणि चोख. आणि पडद्यावर पियानोवाला दचकला. एवढ्या छान सुराला दचकायचं काय कारण? तो अर्धवट उठला. डावा हात वाजवतोय आणि उजवा तारांमध्ये चाचपतोय. मग ड्रमवाल्याने काड्या हवेत धरल्या. बासवाला मान हलवून हसू लागला. ट्रम्पेटवाल्याने तर प्रेक्षकांकडे चक्क पाठ केली. पाचही माणसं कशावर तरी बेहद्द खूश होती, आणि ते जे काही होतं तेच आम्ही पुसून टाकलं होतं.

"मूळचा आवाज लाव," मी म्हटलं.

"आई, तो खराब आहे हो."

"लाव म्हणते ना!"

तिने लावला. ठक्. पियानोवाल्याने आत हात घातला, त्याला पाचर सापडली. काढायला एक क्षणही लागला नसता. त्याने तिला बोट लावलं आणि राहू दिलं. मग मुद्दाम तोच सूर दाबला. ठक्. ड्रमवाल्याने ती जागा मोकळी सोडली. ठक्. सॅक्सोफोनवाला तिथपर्यंत पळत यायचा आणि थांबायचा. ठक्! शेवटी शेवटी तर अख्खं सभागृह त्या ठोक्याची वाट बघत होतं. अरे, काय माणसं होती ही! दुसरा कुणी असता तर माझ्या नावाने शंख केला असता. यांनी माझ्या घोडचुकीला बँडमध्ये घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर पियानोवाल्याने जिन्यात मला गाठून ती पाचर माझ्या हातावर ठेवून विचारलं होतं, "उद्याच्या कार्यक्रमालाही हिला आणशील का?" मला तो टोमणा वाटला होता. आता त्याचा चेहरा बघितला आणि कळलं, तो मनापासून विचारत होता. आणि ही फिल्म दुपारी बाहेर जाणार होती, ठोक्याशिवाय.

"अगं, टेप खराब नाही," मी म्हटलं. "मी पाचर विसरले होते आत. तू घातलेला सूर काढून टाक. त्याने माझी अब्रू राहते, पण या पाचजणांची करामत जाते."

"पाचर? तुम्ही?"

"हो, मी. हसायचं तर आत्ता हसून घे. घरी नको."

ती हसली नाही. तिच्या जागी मी असते तर चांगलं सुनावलं असतं. तीन आठवड्यांची मेहनत होती. ती वळली, एकेक करत सतराही सूर पुसले, आणि पुसून झाल्यावर उठून खोलीचं जाड दार उघडलं. आमच्या घरात कधी ऐकला नाही अशा आवाजात ती ओरडली, "अरे, या सगळे इकडे! दुसऱ्या धुनेतला तो ठक् आहे ना, तो माझ्या सासूबाईंचा आहे!"

हातातली कामं टाकून माणसं धावत आली. दारात ही गर्दी. एक पांढऱ्या केसांचा फिल्मवाला सगळ्यांना बाजूला सारत पुढे आला. "आम्ही आयुष्यभर भांडतोय, तो ठोका कशाचा म्हणून," तो म्हणाला. "खरंच तुमचा?"

मी उठून उभी राहिले.

"माझाच," मी म्हटलं.