माझ्या पोटातले दोन वेल

मित्रांनो, तळासरीजवळच्या पाड्यावर कुडाच्या भिंतीला टेकून उभी असलेली ही जुनी गिअरची सायकल म्हणजे मी. माझा निळा रंग बराच उडाला आहे, पण जी गोष्ट सांगणार आहे ती रंगाची नाही, पोटातली आहे.

पेडलांचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिला दुकानदार बीबी म्हणतात. तिच्या दोन्ही तोंडांना आतून स्क्रूसारखे आटे असतात आणि त्यांत दोन लोखंडी कप फिरवून बसवतात. माझा सगळा तोल त्या दोन कपांवर आहे.

माझी पहिली वर्षे समुद्रकाठच्या चिखले गावात गेली. चिकूच्या वाडीतली ऋचा ओहोटी लागली की मला किनाऱ्यावर काढायची. ओली वाळू आरशासारखी पसरलेली असे आणि मला वाटे, मी आभाळावरूनच चालले आहे. घरी आल्यावर ऋचा माझी चाके धुवायची. नळीत शिरलेले खारे पाणी मात्र तिला कधी दिसले नाही. ते आतच राहिले आणि हळूहळू गंज झाले.

ऋचा शिकायला मुंबईला गेली आणि मी चिकूच्या रिकाम्या खोक्यांमागे पडून राहिले. पुढे हंगामात वाडीवर कामाला येणाऱ्या लाडकीला ऋचाच्या आईने मला देऊन टाकले. लाडकीची लेक जयश्री माझ्यावरच सायकल शिकली.

२०१७ साली जयश्रीला कासा गावाच्या बाजूला नर्सिंगला जागा मिळाली. पाड्यावर जीप येत नव्हती. पहाटे मीच तिला हायवेपर्यंत नेत असे. पहिले काही दिवस छान गेले. मग एका शनिवारी चढावर माझ्या पोटात कट् झाले आणि उजवा कप सैल होऊन लटकू लागला. त्या दिवशी जयश्री मला हाताने ढकलत घरी आली. तिचा वर्ग चुकला होता.

“पुन्हा चुकला तर माझी जागा दुसरीला देतील,” ती म्हणाली.

“कशाला देतील? सोमवारी तू जाणार,” तिचा भाऊ उमेश म्हणाला.

उमेश हातपंप दुरुस्त करायचा. रविवारी त्याने बाजारातून नवे कप आणले. नव्या उजव्या कपाला पंपाच्या पाइपासारखी सुतळी गुंडाळली, वर सफेद्याचा पांढरा लेप फासला आणि पाइपपाना लावून नेहमीप्रमाणे उजवीकडे पिळायला घेतला.

“दादा, तो तिरका जातोय.”

“तू नर्स हो बाय, मिस्त्री मी आहे. इतके बोअरिंग उभे केले, ही तर त्यांची धाकटी बहीण!”

“मग आता सायकलला पाणी येईल,” लाडकी अंगणातून म्हणाली.

उमेश हसला आणि त्याने आणखी जोर लावला. माझ्या पोटातून लोखंडाचा बारीक चुरा गळला. कप वाकडा होऊन अडला. उमेशने तो कसाबसा सोडवला आणि नळीकडे बघत बसला. आता त्याला हसू येत नव्हते.

“आटे गेले, बाय. मीच घालवले.”

जुने दोन्ही कप तळहातावर घेऊन जयश्री कुंपणाजवळ गेली. तिथे करांद्याचा आणि कोनफळाचा असे दोन वेल शेजारी शेजारी चढत होते. लहानपणापासून ती आईबरोबर कंद खणायला जात होती आणि वेलाचा पीळ पाहूनच कंद ओळखायची. करांदा डावीकडे वळत चढतो, कोनफळ उजवीकडे. तिने वेलांकडे पाहिले, मग कपांकडे पाहिले.

“दादा, हा डावा कप कोनफळ आहे. पण हा उजवा करांदा आहे! याचा पीळ उलटा आहे.”

उमेशने कप हातात घेऊन नीट न्याहाळला. “आयला! पंपात असा नसतो गं.”

मग नळीचे आटे घासून साफ करायला त्याने जुन्या उजव्या कपाच्या आट्यांना करवतीने दोन आडव्या खाचा पाडल्या. नळीतला सफेदा पुसला, तेल सोडले आणि तो कप जयश्रीच्या हातात दिला. तिने तो तोंडाशी सरळ धरून आधी मुद्दाम उलटा, उजवीकडे फिरवला. टक्. आट्याचे तोंड सापडले. मग डावीकडे थोडा आत, पुन्हा थोडा मागे. खाचांत गंज गोळा होऊ लागला, माझा जुना समुद्र. तो बाहेर पडत होता आणि मला ओल्या वाळूवरचे आभाळ आठवत होते.

नुकसान तोंडाच्या आट्यांचेच होते. आतले शाबूत होते. संध्याकाळी नव्या कपाची खराब झालेली कड कानशीने घासून त्यांनी तो ग्रीस लावून बसवला. तो नुसत्या बोटांनी आत गेला.

सोमवारी हायवेवर जीप सुटायच्या आत आम्ही पोचलो.

यंदा, २०१९ साली, जयश्री शिक्षणासाठी तिकडेच राहते. सुट्टीत आली की आधी माझी पेडले हलवून पाहते, कुठे आवाज येतो का.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू अडून बसली तर लगेच जोर लावू नका. तिला जरा उलटे फिरवा आणि कान द्या. तिची वाट ती तुम्हाला सांगेल.

आणि कधी पाड्यावर आलात तर वाकून माझी नळी बघा. उरलेल्या सफेद्याने उमेशने तिच्या दोन्ही तोंडांशी दोन वेल काढले आहेत, एकीकडे कोनफळाचा, दुसरीकडे करांद्याचा. पुन्हा चूक नको म्हणून, असे तो म्हणतो. लाडकी मात्र सांगते, पोराला माफी मागायला लाज वाटली, म्हणून त्याने चित्र काढले.