माझा बारावा आकडा

सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातलं मी एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो. सिमेंटचा ठोकळा माझ्या जबड्यात ठेवायचा, दाब वाढवत न्यायचा आणि तो किती टनांवर फुटला ते माझ्या काट्यावर वाचायचं, एवढंच माझं काम. सत्तावीस वर्षं केलं. कधी कुणाचं तोंड बघून काटा हलवला नाही.

इथल्या पोरांचा एक लाडका शब्द आहे, 'रीडिंग बसवणे'. म्हणजे मला हातही लावायचा नाही, मागच्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे उतरवायचे आणि उत्तर जुळेना की ते थोडे इकडेतिकडे करायचे. माझ्याच अंगावर डबे ठेवून हे उद्योग चालायचे. बसवा लेको, बसवा!

सिद्धेश्वरी तशी नव्हती. वैराग गावची पोरगी. उसाच्या चिपाडांची राख सिमेंटमध्ये मिसळून स्वस्त ठोकळे करायचे आणि त्यांनी गावातल्या अंगणवाडीची पडलेली भिंत बांधायची, हा तिचा प्रोजेक्ट. सरासरी कशी काढायची, आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत ते कसं बघायचं, हे ती माझ्याशेजारी स्टुलावर बसून शिकली. मैत्रिणींना म्हणायची, "हे मशीन खोटं बोलत नाही गं." काय सांगू, अगदी फुलून जायचं मी!

तिने बारा ठोकळे फोडले. अकरा ठोकळे एकोणचाळीस ते त्रेचाळीस टनांच्या मधे फुटले. बारावा एकोणिसालाच गेला.

लॅबमधल्या शहाजीमामांनी त्याचे तुकडे उचलून पाहिले. "ताई, आत राखंची गुठळी हाय बघा. कालवताना ऱ्हायली. असं आणिक किती असतील? अजून धा-बारा ठोकळं करून फोडा की."

"मामा, नवे ठोकळे पाण्यात अठ्ठावीस दिवस ठेवावे लागतात. परवा सबमिशन आहे." मग ती हळूच म्हणाली, "हा आउटलायर आहे, बाकीच्यांपासून फटकून पडलेला आकडा. काढून टाकला की सगळं बसतंय."

बसतंय! आणि हे तिच्या तोंडून! माझ्याजवळ बसून शिकलेली विद्या तिने माझ्यावरच उलटवली. बरं, रिपोर्टात कारण काय लिहिलं? 'यंत्र जुने असल्याने एक नोंद चुकीची आली.' बाकीच्या पोरांनी मला कधी काही विचारलंच नाही, त्यांचा मला राग नाही. हिने विचारलं, मी खरं सांगितलं आणि हिनेच मला खोटं ठरवलं. फार लागलं ते मला.

जूनमध्ये पुण्याहून तपासनीस आले. माझा काटा नीट तपासून म्हणाले, "मशीन एकदम बरोबर आहे." प्रोजेक्टला मिळालेल्या पहिल्या बक्षिसाचं प्रमाणपत्र घ्यायला आलेली सिद्धेश्वरी तेव्हा दारातच उभी होती.

"ताई, आता तरी तुमच्या प्रोजेक्टच्या सरांस्नी खरं सांगा की," शहाजीमामा म्हणाले.

"भिंत बांधून झाली मामा," ती म्हणाली आणि मान खाली घालून निघून गेली.

मला तेलपाणी नको, नवा रंगही नको. पण मित्रांनो, तुमचं धाकटं भावंड त्या अंगणवाडीत जात असेल, तर त्याला भिंतीला टेकून बसू देऊ नका. आणि तिथल्या बाईंना सांगा, ठोकळे बारा फोडले होते.