शिसपेन्सिलीचे शेरे

नखाएवढा खोडरबराचा तुकडा, कडांना काळवंडलेला... निरीक्षण-वहीच्या मागच्या खिशातून नेमका आजच टेबलावर पडला.

पर्यवेक्षिकाबाईंनी तो लगेच ओळखला. जुन्या मोठ्या बाई मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा त्या मागच्या बाकावर बसून पाठ ऐकायच्या, शेरे शिसपेन्सिलीनं लिहायच्या आणि वही जिच्या तिच्या हातात द्यायच्या. "वाच. पटलं तर लक्षात ठेव, आणि टाक खोडून. कायमचं लिहून ठेवायला तू काय गुन्हा केलायस?" बावीस वर्षं झाली. आपल्या पहिल्याच पाठाला भर वर्गात गणित चुकलं होतं, याच रबरानं शेरा खोडला होता, आणि तरी त्या दिवशी आपण गुणगुणत घरी गेलो होतो...

आता वहीत लाल शाई. नवे मुख्याध्यापक काही वाईट नव्हेत, आवाजसुद्धा चढवत नाहीत. सकाळी शांतपणे म्हणाले, "बाई, प्रत्येक पाठात तीन उणिवा निघायलाच हव्यात. नाही निघाल्या, तर बघणाऱ्याची नजर कच्ची. भूगोलाच्या बाईंचे शेरे शाळा सुटायच्या आत द्या."

भूगोलाच्या बाईंच्या पाठात मागच्या वेळीही तीन उणिवा निघाल्या होत्या. पुन्हा निघाल्या, की तिच्याकडचे वरचे वर्ग जाणार – आणि वरचे वर्ग म्हणजे तिचा जीव की प्राण.

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकखोलीच्या दाराशी पोचल्या, तर आत कुणीतरी म्हणालं, "हळू गं, लाल शाई आली!" हसू फुटलं आणि नळ बंद करावा तसं थांबलं. अठरा वर्षं एका डब्यात जेवलेली भूगोलाची बाई उठून उभी राहिली. "काही हवं होतं का, बाई?"

'अगं'वरून 'बाई'वर कधी आली ही?

"नाही... काही नाही."

परत येऊन त्या लिहायला बसल्या. आवाज गरजेपेक्षा मोठा. नकाशा तिरका टांगला. झाल्या दोन. खरं तर तिनं मुलांना डोळे मिटायला लावून नदी उगमापासून समुद्रापर्यंत नेली होती. मागच्या बाकावर त्यांनी स्वतःही डोळे मिटले होते... आणि तरी उणिवा कशा भराभर सुचल्या! पेन टोचल्यासारखं त्यांनी खाली ठेवलं. रबर घासून पाहिलं. शाई हलली नाही, कागदाचा मात्र लगदा निघाला.

शाळा सुटायची घंटा झाली. तिसरी ओळ कोरीच होती. व्हरांड्यात सरांची ओळखीची, संथ पावलं वाजू लागली. एरवी ती ऐकली, की त्या वही सारखी करून उठायच्या. आज उठल्या नाहीत. रबर मुठीत धरून त्या आठवत होत्या, त्या दिवशी आपण काय गुणगुणत होतो... पहिली ओळसुद्धा ओठांवर येईना.