दुल्माची कढई आणि चाळीस मिनिटं

मित्रांनो, मी एक बिडाची कढई आहे आणि माझं वय दुल्माच्या संसाराएवढं आहे. तिच्या सासऱ्यांनी मला दुकानात टिचकी मारून निवडलं. माझा आवाज घंटेसारखा आला, म्हणून बाकीच्या अकरा जणी तिथेच राहिल्या! तेव्हापासून मी मंगोलियात, गोबी वाळवंटाच्या कडेला, एका छोट्या स्टेशनाजवळच्या घरात राहते. इथे मला तोगो म्हणतात.

माझा हातखंडा म्हणजे चुइवान. गोमांसाचे पातळ काप चरबीवर परतायचे, त्यात कांदा, गाजर, कोबी घालायचा, थोडं पाणी ओतायचं, वर ताज्या लाटून कापलेल्या नूडल्स पसरायच्या आणि झाकण घट्ट लावायचं. वासानेच शेजारी डोकावायचे. दुल्माची लेक अनुजिन तर खरवड कोणाला मिळू द्यायची नाही.

मग अनुजिनने शिक्षिकेचा अभ्यास अर्धवट सोडला आणि आगगाडीत एका डब्यातल्या प्रवाशांची सोय बघायची नोकरी धरली. लोकांचे चहाचे पेले विसळायला तुला शिकवलं का, असं दुल्मा बोलून गेली. लेकीने दार आपटलं. चौदा महिने दोघी बोलल्या नाहीत. नवराबायकोपुरतं विजेच्या छोट्या भांड्यात शिजू लागलं. मला कोळशाच्या खोपटात पालथं घातलं, वर पोतं ठेवलं. मला गंज चढला. आता आपण भंगारात जाणार, असं मी मनाशी धरलं.

आणि ऑक्टोबरातल्या एका दुपारी काय झालं सांगू! दुल्माचा नवरा पुरेव स्टेशनात सांधेवाला आहे. त्याचा फोन आला. अनुजिनची गाडी अर्ध्या तासात येतेय, इंजिन बदलायला चाळीस मिनिटं थांबणार आहे, आणि घरी येऊ का, असं पोरीने विचारलंय.

दुल्माने विजेच्या भांड्याचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "विचारते काय? ये म्हणावं."

ती धावतच खोपटात आली. पोतं उडालं, मी उलटले, उजेड दिसला! वाळू आणि मिठाने तिने मला असं घासलं की माझं अंग झिणझिणलं. चुलीत कोळसा धडधडला, चरबी चरचरली. मांस गोठून दगड झालं होतं, तरी सुरी थांबली नाही.

निळ्या गणवेशातली अनुजिन दारात आली, तेव्हा कणीक अर्धीच लाटून झाली होती. नमस्कार-चमत्कार काही नाही. तिने हात धुतले, सुरी घेतली आणि नूडल्स कापायला लागली. झाकण लागलं. पण शिजायला बारा मिनिटं हवीत आणि हातात उरली होती दहा, तीही चालण्यासकट!

दुल्माने मला लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलं.

"तू तो कान धर."

दोघी मला मधे धरून धावत सुटल्या. मी वाफ सोडत होते, शिट्टी इंजिनाने दिली की मी, कोण जाणे! डब्याच्या पायरीवर मला चढवताना दुल्मा धापा टाकत म्हणाली, "तुझ्याबरोबरच्या सगळ्यांना वाढ. आणि कढई मला परत हवी. कोणाच्या हाती पाठवू नकोस. तू आण."

"गुरुवारी आणते," अनुजिन म्हणाली.

नूडल्स माझ्याच उबेत शिजल्या. सात जणांनी मला चाटूनपुसून रिकामं केलं, आणि मी पहिल्यांदा खिडकीतून उंट पाहिले!

मित्रांनो, तुमच्या घरी बिडाचं भांडं असेल तर त्याला पाण्यात भिजत टाकू नका. धुवा, विस्तवावर सुकवा, तेलाचा हात फिरवा आणि मुख्य म्हणजे वापरा. पालथं पडून राहणं फार वाईट.

गुरुवारी दुल्माने भल्या सकाळीच कणीक मळली. दुपारपर्यंत ती वाळली, म्हणून पुन्हा मळली. चारला गाडी आली. अनुजिन मला कमरेवर घेऊन उतरली, आणि माझ्यात तिचे आठवड्याचे मळके कपडे कोंबलेले होते.